रंग घेतला, नायक सोडला : ‘अवतार’ आणि त्याचे प्रेक्षक

चित्रपट हा विषय आपल्या महाविद्यालयांत अजूनही मागच्या दारानेच येतो. भाषेच्या किंवा समाजशास्त्राच्या तासाला एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचे नाव निघते, विद्यार्थी खुलतात, ‘सर, काय दाखवलंय!’ एवढे म्हणून थांबतात, आणि शिक्षकही ‘ठीक आहे, आता धड्याकडे वळू या’ म्हणून पुढे जातात. चित्रपट जितका नेत्रदीपक, तितकी ही चर्चा लवकर संपते. डोळे दिपले की बुद्धी मिटते असे आपण गृहीत धरलेले असते. समीक्षकही पुष्कळदा हेच धरून चालतात. त्यांच्या मते दृश्यवैभव हे कथेचा अशक्तपणा झाकण्याचे साधन, आणि त्याला भुलणारा प्रेक्षक म्हणजे मेळ्यात हरवलेले मूल.

हे गृहीतक तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात जेम्स कॅमेरून यांचा ‘अवतार’ (२००९) हा चित्रपट घेतला आहे. तो निवडण्याचे कारण त्याची थोरवी नव्हे. त्याच्या कथेबद्दलचे बहुतेक आक्षेप प्रस्तुत लेखकाला मान्य आहेत. परंतु जगाच्या वेगवेगळ्या भागांतील प्रेक्षकांनी या एकाच चित्रपटाचे जे केले, ते पाहिले असता दिपणे आणि विचार करणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत असे दिसून येते. काही ठिकाणी तर प्रेक्षकांनी चित्रपटाचे दृश्य तेवढे उचलले आणि त्याची कथा तिथेच टाकून दिली.

चित्रपट आणि त्याचे आश्वासन

कथा थोडक्यात अशी. सन २१५४. पृथ्वीवरील एक खाणकंपनी पँडोरा नावाच्या दूरच्या उपग्रहावर एका मौल्यवान खनिजासाठी गेली आहे. तिथे नावी नावाचे, सुमारे दहा फूट उंचीचे, निळ्या वर्णाचे लोक राहतात. खनिजाचा मोठा साठा नेमका त्यांच्या वस्तीच्या महावृक्षाखाली आहे. पायांनी अधू झालेला माजी सैनिक जेक सली याला यंत्राच्या साह्याने एका नावी शरीरात उतरवून त्या लोकांत पाठवले जाते. तो त्यांची भाषा आणि रीत शिकतो, नेतिरी नावाच्या स्त्रीच्या प्रेमात पडतो, अखेर कंपनीविरुद्ध त्यांचे नेतृत्व करतो, आणि शेवटी मनुष्यदेह कायमचा सोडून त्यांच्यातलाच एक होतो. खनिजाचे नाव ‘अनऑब्टेनियम’. न मिळणाऱ्या पदार्थासाठी अभियंत्यांनी थट्टेने वापरलेला हा जुना शब्द आहे.

कॅमेरून यांनी या कथेचा आराखडा १९९० च्या दशकात लिहिला होता. परंतु हवे तसे चित्र दाखवणारे तंत्र तेव्हा नव्हते, म्हणून ते थांबले. पुढे त्रिमिती छायाचित्रण, नटाच्या हालचाली आणि चेहऱ्यावरचे भाव टिपून संगणकीय देहावर चढवण्याचे तंत्र, आणि न्यूझीलंडमधील ‘वेटा डिजिटल’ या संस्थेचे काम यांतून पँडोराचे रात्री उजळणारे जंगल आणि हवेत तरंगणारे डोंगर उभे राहिले. नावींची भाषा पॉल फ्रॉमर या भाषाशास्त्रज्ञाने घडवली. डिसेंबर २००९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. मार्च २०१० च्या ऑस्कर समारंभात त्याला छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि दृश्यपरिणाम अशी तीन पारितोषिके मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मात्र इराक युद्धावरील ‘द हर्ट लॉकर’ला गेले. म्हणजे जाणकारांनीही डोळ्यांना एक आणि कथेला दुसरा असा न्याय केला. पुनःप्रदर्शने धरून चित्रपटाचे जगभरचे उत्पन्न सुमारे २९२ कोटी डॉलर झाले आहे.

‘अवतार’ हा शब्द आपल्याला नवा नाही. संस्कृतात तो वरून खाली उतरण्याचा. मराठीत मात्र ‘काय हा अवतार!’ असे म्हणताना आपण अंगावरचे कपडे, चेहरा, एकंदर बाह्यरूप याकडेच बोट दाखवतो. अवतार म्हणजे अंगावर घेतलेले रूप हा बोलीतला अर्थ पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

प्रेक्षक म्हणजे कोण?

प्रेक्षकाला निष्क्रिय मानण्याची पद्धत अभ्यासकांनी पूर्वीच सोडली आहे. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडलेल्या निबंधात म्हटले की दूरचित्रवाणीचा कार्यक्रम एका अर्थाने रचला जातो, पण तो त्याच अर्थाने वाचला जाईल याची खात्री नसते. प्रेक्षक तो अर्थ मान्य करतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा त्याला विरोध करतो. पुढे तमार लीब्ज आणि एलिहू कॅट्झ यांनी ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेचे प्रेक्षक अभ्यासले. १९९० साली त्यांचे पुस्तक आले. इस्राएलमधील अरब, मोरोक्कोहून आलेले यहुदी, रशियातून नुकतेच आलेले यहुदी, किबुत्झमधील रहिवासी आणि खुद्द अमेरिकी अशा गटांना त्यांनी मालिकेचा भाग पुन्हा सांगायला लावला. अरब आणि मोरोक्कन गटांनी कुटुंबाची गोष्ट क्रमाने सांगितली. रशियन गटाने गोष्ट बाजूला ठेवून तिच्यामागचा संदेश शोधला. मालिका एकच होती, प्रत्येक घरात ती वेगळी झाली.

आपल्या काव्यशास्त्रात या प्रश्नाचा विचार वेगळ्या दिशेने झाला आहे. भट्टनायकाच्या ‘साधारणीकरण’ या कल्पनेनुसार रसास्वादात व्यक्तिगत, स्थलकालबद्ध असे जे काही असते ते गळून पडते आणि भाव सर्वांचा होतो. ‘अवतार’च्या प्रेक्षकांत उलटे घडलेले दिसते. ज्याचा कोणताही पत्ता नाही अशा पँडोराला प्रेक्षकांनी आपापल्या गावाचा पत्ता दिला. तो कसा दिला याचे प्रकार आता पाहू.

दिपलेले आणि दुखावलेले

पहिला प्रकार शुद्ध विस्मयाचा. चित्रपट पाहून बाहेर आल्यावर आपले जग राखाडी, निर्जीव वाटू लागले, अशी खंत काही प्रेक्षकांनी बोलून दाखवली. जानेवारी २०१० मध्ये सीएनएनसारख्या वृत्तसंस्थांनी तिची बातमी केली. त्यावर पुष्कळांनी विनोद केले. परंतु या खंतीचे कारण कथेच्या रचनेतही आहे. आपल्या परिचयाच्या दास्तान परंपरेत नायक तिलिस्मात शिरतो, तिथल्या अद्भुतात गुंततो, पण शेवटी तो तिलिस्म फोडून बाहेर येतो. परतीची वाट हा त्या कथेचाच भाग असतो आणि श्रोताही नायकाबरोबर घरी येतो. ‘अवतार’मध्ये नायक परतत नाही. तो तिथेच राहतो, आणि दिवे लागल्यावर प्रेक्षक तेवढा एकटा बाहेर काढला जातो. ज्यांना हे टोचले त्यांनी चित्रपट बारकाईने पाहिला होता असेच म्हणावे लागेल.

दुसरा प्रकार आक्षेपाचा. व्हॅटिकनच्या ‘लॉसेर्वातोरे रोमानो’ या वृत्तपत्राला त्यात निसर्गपूजेचा सूर खटकला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रॉस डाउथॅट यांनी हाच मुद्दा मांडला. अमेरिकेतील काही परंपरावादी टीकाकारांना तो आपल्या सैन्याची निंदा करणारा वाटला. त्याच वृत्तपत्रात जानेवारी २०१० मध्ये डेव्हिड ब्रुक्स यांनी वेगळा आणि अधिक मर्मग्राही आक्षेप घेतला. गोरा माणूस येतो, मूळ रहिवाशांच्या विद्या त्यांच्यापेक्षा लवकर शिकतो आणि त्यांचा तारणहार होतो, ही जुनीच कथा येथे पुन्हा सांगितली आहे, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप खोडता येण्यासारखा नाही. नावींना आपला लढा लढण्यासाठी जेक का लागतो, या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही.

मात्र या टीकेमागे एक गृहीतक आहे. चित्रपटाने जो नायक दिला तो प्रेक्षकाने घेतलाच असणार, असे ती धरून चालते. पुढील उदाहरणांत तसे झालेले नाही.

बिलईन

बिलईन हे पॅलेस्टाइनच्या पश्चिम किनारा भागातील, रामल्लाच्या पश्चिमेचे छोटे गाव. इस्राएलने बांधलेल्या विभाजक कुंपणामुळे गावाची शेतजमीन पलीकडे गेली. २००५ पासून गावकरी, त्यांच्या सोबतीला इस्राएली आणि परदेशी कार्यकर्ते, दर शुक्रवारी कुंपणाकडे मोर्चा नेत. सप्टेंबर २००७ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कुंपणाचा मार्ग बदलण्याचा आदेश दिला, तरी वर्षे उलटली आणि कुंपण जागचे हलले नाही.

फेब्रुवारी २०१० मधील एका शुक्रवारी या मोर्चात पाच जण अंगाला निळा रंग फासून, टोकदार कान आणि शेपट्या लावून चालत होते. गळ्यात पॅलेस्टिनी केफिया होती. नेहमीप्रमाणे त्यांच्यावरही अश्रुधूर सोडण्यात आला. नेहमीच्या मोर्चाची छायाचित्रे ज्या वृत्तपत्रांत येत नसत, त्यांत ही छायाचित्रे आली.

येथे काय उचलले गेले आणि काय सोडले गेले, हे नीट पाहावे. मोर्चात कोणी जेक सली झालेला नव्हता. गोरा सैनिक, त्याचे प्रेम, त्याचे नेतृत्व यांपैकी काहीच तिथे आले नाही. आला तो फक्त निळा रंग आणि ‘ही जमीन आमची आहे’ एवढे वाक्य. चित्रपटात बलवान पक्षाचा माणूस दुबळ्यांचे शरीर अंगावर घेतो. बिलईनमध्ये ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते त्यांनीच, जगाने कौतुकाने पाहिलेले शरीर अंगावर घेतले. अवतार शब्दाचा बोलीतला अर्थ येथे शब्दशः खरा ठरला.

कुंपण अखेर जून २०११ मध्ये मागे सरकले आणि जमिनीचा काही भाग गावाला परत मिळाला. याचे श्रेय निळ्या रंगाला देणे हास्यास्पद होईल. त्यामागे वर्षानुवर्षांचे मोर्चे, जखमा, तुरुंगवास आणि न्यायालयातली लढाई होती. रंगाने एवढेच केले की एका शुक्रवारी जगाची नजर तिकडे वळली.

चीन

चीनमध्येही प्रेक्षकांनी चित्रपटाला आपला पत्ता दिला, पण वेगळा. शहरांच्या विस्तारासाठी घरे पाडणे आणि रहिवाशांना हुसकावणे हा तिथला तेव्हाचा धगधगता विषय होता. महावृक्ष पाडण्याच्या प्रसंगात अनेक चिनी प्रेक्षकांना आपल्या गल्लीतले बुलडोझर दिसले आणि तसे लिहिलेही गेले. जानेवारी २०१० मध्ये चित्रपटाची साधी, द्विमिती आवृत्ती बहुतेक पडद्यांवरून काढण्यात आली. त्रिमिती आवृत्ती चालू राहिली. कन्फ्यूशियसवरील देशी चित्रपटासाठी जागा करणे हे एक कारण सांगितले गेले, तर घरे पाडण्याशी जोडल्या जाणाऱ्या अर्थाची भीती हे दुसरे कारण हाँगकाँगच्या वृत्तपत्रात छापून आले. अधिकाऱ्यांनी हा केवळ व्यावसायिक निर्णय असल्याचे सांगितले.

त्याच महिन्यात हुनान प्रांतातील झांगजियाजिए येथे एका उंच दगडी सुळक्याला चित्रपटातील तरंगत्या डोंगरांवरून ‘अवतार हालेलुया पर्वत’ असे नाव देण्यात आले आणि पर्यटकांना निमंत्रण गेले. डोंगराचे चित्र पर्यटनासाठी चालत होते आणि झाड पाडण्याचे चित्र अडचणीचे ठरत होते. दृश्य हे निव्वळ दृश्य असते तर असा फरक पडण्याचे कारण नव्हते.

नियमगिरी आणि शिंगू

भारतात हा पत्ता ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरांचा निघाला. तिथे डोंगरिया कोंध हा सुमारे आठ हजार लोकांचा आदिवासी समाज राहतो. नियम राजा हा त्यांचा देव डोंगरमाथ्यावर वास करतो, आणि त्याच माथ्यात बॉक्साइट आहे. पायथ्याच्या लांजीगढ येथील वेदांत कंपनीच्या शुद्धीकरण प्रकल्पाला ते हवे होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ या संस्थेने अमेरिकेतील ‘व्हरायटी’ या चित्रपटविषयक नियतकालिकात कॅमेरून यांना उद्देशून जाहिरात दिली. तुमची काल्पनिक कथा येथे खरोखर घडत आहे, मदत करा, असा तिचा आशय होता. जुलैमध्ये लंडनला कंपनीच्या वार्षिक सभेबाहेर निळे रंगलेले निदर्शक उभे राहिले. तत्त्वचिंतक स्लावोय झिझेक यांनीही त्या वर्षीच्या आपल्या लेखात चित्रपटाच्या झगमगाटासमोर ओडिशातील हेच डोंगर ठेवले.

पुढचा घटनाक्रम आपल्या वर्गांत शिकवण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१० मध्ये, सक्सेना समितीच्या अहवालानंतर, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनपरवानगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ च्या निर्णयात न्यायालयाने सांगितले की डोंगरावरील धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांनी विचारात घ्यावा. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयानेही अंतिम नकार दिला.

याच्या शेजारी ब्राझीलचे उदाहरण ठेवावे. शिंगू नदीवरील बेलो मोंते धरणाला तिथल्या आदिवासींचा विरोध होता. २०१० मध्ये कॅमेरून स्वतः तिथे गेले, वस्त्यांवर बसले, राजधानीतल्या मोर्चात चालले. चित्रपटातला जेकच जणू प्रत्यक्षात आला. धरण तरीही झाले, आणि २०१६ पासून तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. दोन्ही लढ्यांचे कायदे, सरकारे आणि पैशाचे हिशेब वेगळे होते, त्यामुळे एकाच कारणाने एक जिंकला आणि एक हरला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण बाहेरचा नायक आल्याने लढा जिंकला जात नाही, हे शिंगूने दाखवले. आणि डोंगराबद्दल बोलण्याचा अधिकार डोंगरावरच्या माणसांना मिळाला की काय होऊ शकते, हे नियमगिरीने दाखवले. चित्रपटाच्या कथेवरची सर्वांत परखड समीक्षा त्या बारा ग्रामसभांनी लिहिली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

उसन्या रंगाची किंमत

या साऱ्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवता कामा नये. ‘व्हरायटी’तली जाहिरात आदिवासींच्या वतीने दिलेली होती, पण तिचे शब्द लंडनमधील संस्थेचे होते. बिलईनची छायाचित्रे छापली गेली ती निळ्या रंगामुळे. त्याच गावातील साध्या कपड्यांतील शेतकऱ्याचे दुःख तेवढ्या जागेला पात्र का ठरले नाही? जगाने आपल्याकडे पाहावे म्हणून पीडितालाच अद्भुत रूप घ्यावे लागत असेल, तर तो पाहणाऱ्याच्या नजरेवरचा ठपका आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मालिकेचा दुसरा भाग आला तेव्हा अमेरिकेतील काही मूलनिवासी कार्यकर्त्यांनी बहिष्काराचे आवाहन केले. आमच्या इतिहासाचे तुकडे घेऊन निळी माणसे घडवता, पण पडद्यावर आम्ही कुठे आहोत, असा त्यांचा सवाल होता. बिलईनच्या लोकांनी रंग घेतला आणि या लोकांनी तो नाकारला. दोघांनीही चित्रपट स्वतःच्या जागेवर उभे राहून पाहिला होता.

हॉल यांच्या तीन प्रकारांत बिलईनचे वाचन नीट बसत नाही. तिथे चित्रपटाला मान्यता नव्हती, विरोधही नव्हता. उपयोगी तेवढे उचलणे आणि बाकीचे वाटेत टाकणे, असा तो चौथाच व्यवहार होता. हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने २०१० साली याच घटनेवर लिहिताना लोकप्रिय चित्रपटांतून राजकीय भाषा घेण्याच्या या पद्धतीकडे लक्ष वेधले होते. त्यात एवढी भर घालावीशी वाटते की या व्यवहारात ‘काय टाकले’ हे ‘काय घेतले’ याइतकेच महत्त्वाचे असते, आणि प्रेक्षकाची समीक्षाबुद्धी त्या टाकण्यातच दिसते.

वर्गापुरते

शिक्षकांच्या दृष्टीने यातून एक साधी गोष्ट निघते. नेत्रदीपक चित्रपटाबद्दल विद्यार्थी ‘काय दाखवलंय!’ म्हणतो तेव्हा चर्चा संपत नाही, तिथे ती सुरू करायची असते. नेमके काय दाखवले, हा पहिला प्रश्न. त्यातले तुझ्या ओळखीचे काय होते, हा दुसरा. आणि तुला तो चित्रपट पुन्हा सांगायचा झाला तर कोणते पात्र वगळशील, हा तिसरा. लीब्ज आणि कॅट्झ यांनी पुन्हा सांगायला लावण्याचीच पद्धत वापरली होती आणि तिला खर्च काही नाही. आपल्या वर्गांत घरी उर्दू, दखनी, कोकणी, कन्नड किंवा मराठी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. एकच चित्रपट प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत सांगितला तर किती वेगळा होतो, याची नोंद शिक्षकाने वर्षभर ठेवावी. छोट्या संशोधन-प्रकल्पासाठी तेवढी सामग्री पुरेशी आहे.

मूल्यमापनाबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. ‘चित्रपटाचा संदेश लिहा’ असा प्रश्न आपण विचारतो आणि ठरलेल्या उत्तराला गुण देतो. ‘अवतार’ला हा प्रश्न विचारला तर व्हॅटिकनचे वृत्तपत्र, बिलईनचा मोर्चा आणि बीजिंगचा प्रेक्षक तीन वेगळी उत्तरे लिहितील. तिघांनाही गुण द्यावे लागतील, पण सारखे नाही. प्रत्येकाने आपले उत्तर चित्रपटातल्या कोणत्या दृश्यावर उभे केले आणि आपल्या जगातल्या कोणत्या वस्तुस्थितीशी ते जोडले, हे तपासून गुण द्यावेत. तसा प्रश्न विचारायला आपल्या अभ्यासक्रमांनी अद्याप सुरुवात केलेली नाही. ती करण्यासाठी पुढच्या तासाची वाट पाहावी लागेल इतकेच.